दुपट्ट्याखालचा फुफाटा

अकोल्याच्या डाबकी रोडवर देवीदास गावंडे नावाचा माणूस राहतो, आणि त्याचा कोणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, गॅसवाल्यावर नाही, वर्तमानपत्रातल्या हवामानावर तर नाहीच नाही. भाजीवालीनं तराजू उचलला की हा भाजीकडे बघत नाही, तिच्या करंगळीकडे बघतो. सख्खा मोठा भाऊ खुशालराव बाळापूरच्या शेतातली तुरीची डाळ दरवर्षी पाठवतो, तर हा पोत्याचं तोंड सोडण्याआधी शिवण तपासतो. "भाऊ पाठवते, पन आनते तं थो ड्रायव्हर," असं त्याचं म्हणणं. त्याची बायको शकुन म्हणते, "मले बी असंच तपासून घेतलं असन यायनं लग्नाच्या आंधी." त्यावर देवीदास हसत नाही. म्हणजे घेतलंच असणार.

आता याचा धंदा. तो गिटारवाल्यांसाठी पायानं दाबायच्या डब्या करतो. पेडल म्हणतात त्यांना. इलेक्ट्रिक गिटारची वायर डबीत शिरते, डबीतून निघून स्पीकरकडे जाते, आणि मधल्या मध्ये ती डबी आवाजाचं काहीतरी करून टाकते. कोणाची डबी आवाज लांबवते, कोणाची थरथरवते. देवीदासची डबी आवाज फाडते. धुतलेला, इस्त्री केलेला सूर आत गेला की बाहेर येतो तो खरखरीत, तापलेला, धुळीनं माखलेला. त्यानं तिचं नावच ठेवलंय फुफाटा. एप्रिलमध्ये आपल्याकडच्या पांदणीतून अनवाणी चाललं की तळव्याला जे लागतं, ते कानाला लागलं पाहिजे, बस. पुण्या-बंगलोरची पोरं इंटरनेटवर ऐकून मागवतात. डाबकी रोडवरच्या निम्म्या लोकांना मात्र अजूनही वाटतं की हा शिलाई मशीनचे पेडल दुरुस्त करतो, आणि देवीदासनं त्यांचा हा गैरसमज मुद्दाम राहू दिलाय.

हा संशय काही आभाळातून पडला नाही. तरुणपणी देवीदास एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. एका लग्नात नागपूरचा एक गिटारवाला परदेशी पेडल घेऊन आला होता. तो पंगतीत जेवायला बसला, आणि आपल्या देवीदासनं मांडवामागं जाऊन त्याचं पेडल उघडलं, आतली जोडणी लग्नपत्रिकेच्या मागं उतरवून घेतली, स्क्रू जागच्या जागी लावले, आणि मग जाऊन निवांत जिलबी खाल्ली. तिथून त्याची विद्या सुरू झाली. पण तिथूनच त्याची झोपही गेली. आपण पंगतीत बसलो की मांडवामागं कोण काय उघडत असेल, हे त्याच्या डोक्यातून आजतागायत निघालेलं नाही.

म्हणून त्यानं बंदोबस्त केला. फुफाट्याचा सगळा जीव जुन्या रेडिओतल्या ट्रान्झिस्टरमध्ये आहे. गव्हाच्या दाण्याहून जरा मोठी काचेची कुपी, वरून काळा रंग, रंगावर बारीक अक्षरात नंबर. भंगारवाल्यांकडून जुने रेडिओ आणून देवीदास ते काढतो. तर नंबर वाचून कोणी नक्कल करू नये म्हणून तो पॉलिश पेपर घेऊन बसतो आणि प्रत्येकाचा नंबर घासून टाकतो. खिडकी बंद, दार बंद, भरदुपारी ट्यूबलाइट लावून काम. डबी तयार झाली की वाजवून पाहायची तीही खांद्यावरचा दुपट्टा तिच्यावर टाकून. का? तर दाराच्या फटीतून कोणी पाहील.

आणि सगळ्यांत कहर म्हणजे, इतर पेडलवाले रिकामी डबी आधी रंगवून घेतात आणि मग आत जोडणी बसवतात. देवीदास उलटं करतो. आधी जोडणी, मग बुडाचं झाकण, मग चार स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर शकुनच्या बाटलीतल्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका तडकलाच पाहिजे. अशी सीलबंद डबी रंगायला जाते. "रिकामी देल्ली तं त्याच्यात दुसऱ्याचा माल भरून माया नावानं खपवतीन," असं तो शकुनला समजावतो. शकुन म्हणते, "आन् मायी नेलपॉलिश संपली तं मी कोनाले सांगू?"

रंगायला डब्या जातात अमरावतीला, अनुपमा पाठक यांच्याकडे. शाळेत चित्रकला शिकवतात, म्हणून देवीदास त्यांना मॅडम म्हणतो. वडील वकील, घर पुस्तकांचं, बोलणं हळू. फुफाट्याचा आवाज त्यांना मुळीच सोसत नाही, पण डबीवरचं काम असं की बघत राहावं. एका डबीवर पळस, एकीवर कापसाचं फुटलेलं बोंड, एकीवर पोळ्याच्या बैलाची झूल, आणि एकही डबी दुसरीसारखी नाही. लोक आवाजासाठी मागवतात आणि चित्रासाठी कपाटात ठेवतात. मॅडम नसत्या तर फुफाटा म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा, हे देवीदासला पक्कं ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट होती, ती तो कबूल करणार नाही. घराबाहेर तो कुठेही चहा पीत नाही, कोण जाणे पाणी कुठलं, दूध कसलं. पण मॅडमच्या टेबलाशी बसून कप रिकामा करायचा आणि रंग वाळताना पाहत बसायचा. तेवढी एकच जागा होती त्याची.

तिथेही संशय होताच, नाही असं नाही. सुरुवातीला मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, "देवीदासजी, डब्या रिकाम्या द्याल का? रंगवून भट्टीत भाजल्या तर रंग दगडासारखा बसेल. आत सामान असलं की भाजता येत नाही." किती साधी गोष्ट. पण देवीदासच्या कानात भलतीच घंटा वाजली. रिकाम्याच कशाला पाहिजेत? त्यानं नुसती मान हलवली आणि तो डब्या भरलेल्याच पाठवत राहिला. मॅडमनं पुन्हा विषय काढला नाही. रंग सावलीत, हवेवर, सावकाश वाळवू लागल्या.

मग आली जाळी. मॅडमना सुचलं की ठिपक्यांची रांगोळी काढायची, पण ठिपके रंगाचे नाहीत, डबीच्या पत्र्याला पाडलेल्या बारीक छिद्रांचे. रंगाच्या रेषा छिद्रांभोवती वळवायच्या, आणि आतला लाल दिवा लागला की सगळी रांगोळी आतून उजळायची. कागदावर त्यांनी ठिपके मांडून दिले. देवीदासनं अकोल्यात तो कागद पत्र्यावर चिकटवून एकेक छिद्र पाडलं, जोडणी बसवली, दुपट्ट्याखाली वाजवून पाहिली, फर्स्ट क्लास. लाल ठिपके लावून डब्या अमरावतीला गेल्या. त्यातली पहिली रंगून तयार झाली ती पुष्करनं नेली. पुष्कर अमरावतीच्याच गाडगेनगरातला, बँकेत नोकरी आणि रविवारी बँड. गावातल्या गावात आहे म्हणून त्यानं ती थेट मॅडमकडूनच उचलली. देवीदासला हे आवडलं नव्हतं. आपल्या डोळ्यांखालून न जाता माल गेला, म्हणजे काहीतरी होणारच.

आणि झालं. पुष्करचा फोन आला. "काका, डबी गुरगुरून राहिली. गिटारला हात नाही लावला तरी आपली घुंऽऽ चालूच."

"तुया वायरीत असन."

"वायर बदलून पाहिली. जुन्या फुफाट्याला काही होत नाही, हिलेच होते."

देवीदास दुसऱ्या दिवशी अमरावतीला. पुष्करच्या खोलीत ट्यूबलाइटखाली डबी मांडली होती, सुंदर दिसत होती, आणि खरंच गुरगुरत होती, पाण्याच्या मोटारीसारखी एका सुरात. देवीदासनं वायर काढून ती उचलली, उलटी केली, आणि बुडाकडे पाहिलं. स्क्रूची चारही डोकी लख्ख होती. लाल ठिपका एकाही डोक्यावर नव्हता.

"तू उघडली?"

"मी कशाला उघडू? मॅडमनं दिली तशीच आहे."

मग राहिलं कोण? अकोल्यात वाजली ती नीट वाजली. पुष्करकडे आली ती बिघडून आली. मधे टेबल एकच. राजापेठला मॅडमच्या घरापर्यंत रिक्षात बसून देवीदासनं सगळं जुळवून टाकलं. मॅडमला रिकाम्या डब्या कशाला पाहिजे होत्या ते कळलं. जाळी कोणाच्या डोक्यातून निघाली तेही आठवलं. जाळीतून आतलं दिसतं, नाही का? दिसलं, मग उघडलं, मग माझा अस्सल ट्रान्झिस्टर काढून दोन पैशांचा घातला. संशयी माणसाचं डोकं असं झपाझप चालतं की हुशार माणसानं लाजावं.

मॅडम टेबलाशी ब्रश घेऊन बसल्या होत्या. जाळीच्या बाकीच्या डब्या समोर, अर्ध्या रंगवलेल्या. त्यांनी नेहमीसारखा चहा ठेवला. देवीदासनं कपाला हात लावला नाही. डबी उलटी करून टेबलावर ठेवली.

"मॅडम, हे कोनं उघडली?"

"कोणी नाही. का?"

"याच्यावरचे ठिपके कुठं गेले?"

मॅडमनं चष्मा सारखा केला. "अरे हो, तुम्हाला सांगायचंच राहिलं. जाळीच्या कडेनं रंग ओघळून पार बुडापर्यंत आला होता, चिकटपट्टीखाली शिरला. थिनरच्या बोळ्यानं पुसून घेतला, त्यात ते निघून गेले. मला फार वाईट वाटलं. मी तर प्रत्येक ठिपक्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावते, मगच रंग मारते."

"पट्टी काहून लावता?"

"कुंकवावर रंग जायला नको म्हणून."

देवीदासला काही समजेना. मॅडम सहज म्हणाल्या, "तुम्ही नव्या डबीला कुंकू लावून पाठवता ना. मला फार आवडायचं ते."

इथं कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. चहा प्याला असता आणि अकोल्याची गाडी धरली असती. पण देवीदासच्या अंगात तेव्हा चोर पकडणारा शिरला होता. तो म्हणाला, "कुंकू नोयतं थे. नेलपॉलिश होती. कोनी उघडलं तं मले समजावं म्हनून लावतो मी."

मॅडमनं ब्रश थिनरमध्ये ठेवला. "पहिल्या डबीपासून?"

"हो."

"माझ्यासाठी?"

देवीदास म्हणाला, "उघडल्याबिगर डबी बिघडन कशी? आतला माल बदलला हाये कोनीतरी. थिनरचं तं कोनीबी सांगन."

त्या ओरडल्या नाहीत. उठल्या, अर्धवट रंगवलेल्या डब्या एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पिशवीत भरून त्याच्या हातात दिल्या. "तुमचं सगळं सामान यात आहे, देवीदासजी. नीट पाहून घ्या. आणि आता मला रंगवायला काही पाठवू नका." मग त्यांनी त्याचा भरलेला कप उचलून मोरीत ओतला.

अकोल्याला येईस्तोवर देवीदास मनातल्या मनात जिंकत होता. घरी पोचल्यावर खिडकी लावली, ट्यूबलाइट लावला आणि पुष्करची डबी उघडली. आता पकडतो, म्हणाला. आतली जोडणी त्याचीच होती, सोल्डरिंगचे थेंब त्याच्याच हातचे. राहिला ट्रान्झिस्टर. तो बोटाच्या टोकाशी आणून पाहू लागला की आपला आहे का दुसऱ्याचा, आणि पाहतच राहिला. ओळखणार कसा? नंबर तर ह्यानंच पॉलिश पेपरनं घासून टाकलेला. जगानं ओळखू नये म्हणून घासला होता, आता त्यालाच ओळखता येईना. हा माझाच आहे, हे सांगायला त्याच्यापाशी काही उरलंच नव्हतं. घ्या.

शकुन दारातून बघत होती. "सापडला चोर?"

"थांब जराशीक."

त्यानं डबी स्पीकरला जोडली. उघड्या डबीची गुरगुर जाळीपेक्षाही मोठी निघाली, सगळी खोली घुमली. इतक्यात गॅसवाल्यानं बेल वाजवली आणि शकुननं दार उघडलं. देवीदासचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं खांद्याकडे गेला आणि त्यानं दुपट्टा डबीवर टाकला.

गुरगुर थांबली.

त्याला वाटलं वायर निघाली. दुपट्टा उचलला, गुरगुर सुरू. टाकला, बंद. गॅसवाला सिलिंडर ठेवून, याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहून गेला. देवीदासनं दुपट्टा बाजूला ठेवला आणि डबी आणि ट्यूबलाइट यांच्यामध्ये नुसता पंजा धरला. हाताची सावली पडली की डबी चूप. हात काढला की चालू. खिशातला टॉर्च काढला आणि ट्यूबलाइट बंद केला, टॉर्चच्या झोतात डबी अवाक्षर बोलली नाही. ट्यूबलाइट लावला, पुन्हा घुंऽऽ.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. काचेच्या कुपीला रेडिओच्या कारखान्यानं काळा रंग दिला होता तो काही शोभेसाठी नव्हता. आतल्या जिवाला उजेड चालत नाही, म्हणून दिला होता. ट्यूबलाइट डोळ्याला स्थिर दिसतो पण सारखा लपलपत असतो, आणि उघड्या काचेतून ती लपलप आत शिरली की तीच स्पीकरमधून गुरगुरते. देवीदासनं नंबर घासता घासता रंगच खरवडून टाकला होता. जुन्या डब्या चहूकडून बंद, आत अंधार, म्हणून कधी कळलं नाही. जाळीतून उजेड आत गेला आणि त्याचं पाप बोलायला लागलं. अकोल्यात तरी का नाही कळलं? तर हा पठ्ठ्या वाजवून पाहायचा दुपट्ट्याखाली.

"मॅडमनं नाई उघडली," तो शकुनला म्हणाला.

"थे तं मले आधीच मालूम होतं. तुमाले कोन सांगावं?"

त्याला जेवण गेलं नाही. कुंकू, हा शब्द काही केल्या कानातून जाईना. इतकी वर्षं ती बाई त्याच्या संशयाला चिकटपट्टी लावून जपत होती आणि हा तिकडे अकोल्यात तडे मोजत होता. त्याला लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा अशी वाटली की ती ढकलायला दुसरं कोणी सापडेना. दूधवालाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या डब्यांची झाकणं काढली, एकेका कुपीला काळा रंग दिला, वाळवला. मग झाकणं लावलीच नाहीत. उघड्या डब्या तशाच टोपलीत ठेवून, वर काही न झाकता, तो बसनं अमरावतीला गेला. टोपलीवर दुपट्टा टाकायला हात दोनदा खांद्याकडे गेला, दोन्ही वेळा त्यानं तो मागं घेतला.

मॅडमनं दार उघडलं आणि आत येऊ दिलं. देवीदास उभाच राहिला आणि सगळं सांगितलं: पॉलिश पेपर, काळा रंग, उजेड, दुपट्टा. एकही गोष्ट दुसऱ्यावर ढकलली नाही. मग टोपली पुढं सरकवली.

"हे पाहा मॅडम, सगळं उघडं हाये. हात लावा, फोटो काढा, कोनाले दाखवायचं त्याले दाखवा. मी चुकलो. तुमच्याबिगर या डब्यायले काई अर्थ नाई, आन् मलेबी चैन नाई. तुमी रंगवा."

मॅडमनं टोपलीत वाकून पाहिलं नाही. त्या आपल्या हातावरचा वाळलेला रंग नखानं काढत राहिल्या.

"रंगवीन," त्या म्हणाल्या. "जाळीचं काम अर्धवट राहिलेलं मलाही बरं वाटत नाही. पण रिकाम्या द्या."

"आता तं मी तुमच्यापाशी काई लपवून नाई राह्यलो."

"ते कळलं मला. तुम्ही मनापासून बोलताय तेही कळलं. पण उद्या पुन्हा एखादी डबी गुरगुरली, तर मला म्हणता आलं पाहिजे की माझ्याकडे नुसता डबा होता. आतलं मी पाहिलंच नाही. मी असा विचार कधी करत नव्हते, देवीदासजी. आता करायला लागले."

जन्मभर देवीदासनं सगळ्या जगापासून स्वतःचा बंदोबस्त केला होता. त्याच्यापासून बंदोबस्त करणारं माणूस त्याला आज पहिल्यांदा भेटलं होतं, आणि ते त्यानंच तयार केलं होतं.

तो खाली बसला. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिथेच, मॅडमच्या टेबलाशी, एकेका डबीतली जोडणी सोडवून बाहेर काढली. रिकाम्या डब्या त्यानं रांगेनं लावून ठेवल्या. काढलेल्या जोडण्या दुपट्ट्यात ठेवून गाठ मारली. चहा आला नाही, त्यानं वाटही पाहिली नाही. निघताना मॅडम म्हणाल्या, "भट्टीत भाजून ठेवते. रंग चांगला बसेल." तो "बरं" म्हणाला.

बसमध्ये शेजारी मूर्तिजापूरला जाणारा एक माणूस बसला होता. मांडीवरचं गाठोडं पाहून त्यानं विचारलं, "काय हाये भाऊ याच्यात?"

देवीदासनं गाठ सोडली आणि दुपट्टा पुरता उलगडून त्याच्यापुढं धरला. तारा, सोल्डरिंग, काळ्या रंगाच्या कुप्या, जन्मभर झाकलेलं सगळं. त्या माणसानं एकदा पाहिलं, "अस्सं" म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहत बसला.